अक्षयच्या खात्यातली नावं

नावं बंद करणं ही माझी नोकरी आहे. मुठा गावातल्या आमच्या आळीत कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि गंमत बघत उभी राहते. एकदा शेजारच्या काकी म्हणाल्या, "कुणाची नावं? रेशनकार्डातली?" माझे वडील, आप्पा, ओट्यावरून म्हणाले, "इंटरनेटवरची. चोरांची." काकी म्हणाल्या, "मंग लई काम आसंल."

लई काम असतं. वेबसाइटला नाव लागतं हे आता शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ते नाव कुणाकडे तरी नोंदवावं लागतं, हे मात्र थोड्यांना माहीत असतं. ही नोंद करून देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. आमची कंपनी हिंजवडीच्या आयटी पार्कच्या टोकाला आहे. तिच्या काचेतून जांबे गावातल्या भाड्याच्या खोल्या दिसतात, गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले शर्ट आणि ओळखपत्रांच्या निळ्या दोऱ्या दिसतात. जगाच्या पाठीवरचा कुणीही आमच्याकडून चहा गार व्हायच्या आत नाव घेतो. आम्ही त्याचं तोंड बघत नाही. त्याची वेबसाइटही आमच्याकडे नसते, ती तिसऱ्याच कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर असते. आमच्या हातात फक्त पाटी. पाटी उतरवली की घर जागेवरच राहतं, पण तिथं जायचा रस्ता कुणाला सापडत नाही.

पहिल्यांदा मी पाटी उतरवली तो दिवस मला लख्ख आठवतो. दूरच्या कुठल्या तरी देशातल्या बँकेची हुबेहूब नक्कल होती. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, माझ्या बायकोने इथं पासवर्ड टाकला. मी पुरावा तपासला, बटण दाबलं, पाणी प्यायला उठले. परत आले तर ते नाव नव्हतं. कुठंच नव्हतं. ज्या देशाचं नाव मला नीट उच्चारताही येत नाही तिथं, मुठ्यातल्या एका मुलीच्या बोटाने, एक दार भिंतीत मिटून गेलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. रोज तेच काम करूनही तो काटा अजून येतो. ज्या दिवशी यायचा थांबेल त्या दिवशी मी नोकरी सोडावी, असं मला वाटतं, कारण एवढी सत्ता ज्याला साधी वाटायला लागली त्याच्या हातात ती राहू नये.

आमच्या टेबलाला ॲब्यूज डेस्क म्हणतात, म्हणजे नावांच्या गैरवापराच्या तक्रारींचं टेबल. नियम असा: तक्रार आली की पोच द्यायची, तपास करायचा, आणि त्या नावाने खोटी बँक, खोटं वीजबिल, व्हायरस असलं काही चालल्याचा पुरेसा पुरावा मिळाला की विनाविलंब थांबवायचं. पुरावा महत्त्वाचा. राग हा पुरावा नसतो, आणि आमच्याकडे येतो मुख्यतः राग. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आपल्या सोसायटीची वेबसाइट बंद करा म्हणून नेमाने लिहीत, कारण तिच्यावर चेअरमनचा फोटो त्यांच्या फोटोपेक्षा मोठा होता. एकाने विवाहसंस्थेच्या नावाविरुद्ध तक्रार केली, "इथून मला मुलगी मिळाली नाही, सबब ही फसवणूक आहे." माझ्या शेजारी बसणारा रोशन मूळ बिहारचा. मराठी तो जांब्यातल्या घरमालकिणीकडून शिकला, त्यामुळे ऑफिसात सगळ्यात अस्सल मावळी तोच बोलतो. त्या नवरदेवाची तक्रार वाचून म्हणाला, "याला आपल्याकडं औषध न्हाई."

आता आप्पांविषयी सांगायला हवं. आप्पांनी उभा जन्म पत्रकं काढली. खडीच्या गाड्यांनी फोडलेले रस्ते, न आलेले टँकर, अंधारात झालेले जमिनींचे सौदे. मुळशीच्या खोऱ्यात काही वाकडं झालं की पौडच्या छापखान्यात आप्पांचं पत्रक निघायचं. मी मुळाक्षरं त्या पत्रकांवर गिरवली. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता आले. माझं नाव क्रांती ठेवलंय, त्यावरून घराची कल्पना येईल. पत्रकाच्या अगदी तळाला बारीक अक्षरात छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव असतं. तसा कायदाच आहे. कुणाचंही पत्रक हाती आलं की आप्पा आधी कागदाचा तळ बघत. तिथं नाव नसलं की कागद बाजूला. म्हणत, "ज्याला खाली नाव घालायची लाज वाटती, त्याचं वर काय वाचायचं?"

आणि त्यांची मुलगी अशा धंद्यात पडली जिथं तळाची ओळ झाकलेलीच असते. नाव कुणाचं, हे बाहेरच्याला दिसत नाही. त्याला चांगली कारणं आहेत, प्रत्येकाचा पत्ता चव्हाट्यावर टांगायचा नसतो. पण रजिस्ट्रारला ते दिसतं. म्हणून रजिस्ट्रारने बघितलंच पाहिजे, असं माझं पहिल्यापासून म्हणणं होतं. 

एका पावसाळ्यात ताम्हिणीहून तक्रार आली. आमच्याकडे तक्रारी जगभरातून येतात, आमच्याच तालुक्यातून कधी आली नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. लिहिणारीचं नाव शीतल. तिच्या सासूबाई, हिराबाई, घाटात आपल्या घरीच पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय करतात. कुणीतरी त्यांच्या घराचे फोटो लावून, त्यांच्याच नावापुढे 'बुकिंग' जोडून दुसरी वेबसाइट काढली होती. लोक तिथं आगाऊ पैसे भरत आणि भर पावसात हिराबाईंच्या दारात येऊन उभे राहत. शेवटी शीतलने लिहिलं होतं, "चुलतसासरे दादासाहेब म्हणतात नाव खराब झालं, आता जागा रिसॉर्टवाल्याला देऊन टाकू. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या. सासूबाईंची राहिली आहे. त्या म्हणाल्या, हा पावसाळा बघते आणि मग करते."

पुरावा स्वच्छ होता. मी ते नाव त्याच दुपारी बंद केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा शीतलची तक्रार, आता 'स्टे' जोडलेलं नाव. बंद केलं. मग 'ऑफिशियल'. तेही केलं. चौथ्याच्या वेळी मी आमच्या बाजूने पाहिलं, तर चारही नावं एकाच गिऱ्हाइकाच्या खात्यातून निघालेली.

इथं या धंद्यातली खरी गोम आहे. ज्या नावाची तक्रार आली ते तपासायची जबाबदारी आमच्यावर आहे. त्याच माणसाने त्याच दिवशी घेतलेल्या शेजारच्या नावाकडे बघायची सक्ती नाही. एक साप मारायचा आणि बीळ न बघता घरी यायचं. ही सक्ती असावी का, यावर जगभरच्या रजिस्ट्रार लोकांच्या बैठकांत खल चालू आहे. मला त्या बैठकांना कुणी बोलावत नाही. म्हणून मी आमच्या प्रमुख मेघना मॅडमना मेल लिहिला. विषयाच्या जागी घातलं, 'एक नाव बंद, बाकीची मोकाट: हे किती दिवस?' आणि तळाला माझं पूर्ण नाव.

रोशनने तो वाचून विचारलं, "क्रांतीताई, ह्यो मेल हाय का मोर्चा?"

मॅडमनी मला आत बोलावलं. त्या कमी बोलतात आणि बोलताना पेनाचं टोपण घालत-काढत राहतात.

"आपण पोलीस नाही, क्रांती."

"आपण दुकानदार आहोत, मॅडम. आपल्या दुकानातून नेलेल्या सुरीने कुणी रोज एकाला भोसकतोय आणि आपण रोज एकेक सुरी परत घेतोय."

"ठीक. ते खातं उघडलं आणि त्यात चांगली नावंही निघाली तर?"

"चोराच्या खात्यात चांगली नावं कशी निघतील?"

मॅडमनी टोपण लावलं. "बघ मग. बघायची परवानगी देते. बंद करायच्या आधी माझ्याकडे यायचं."

मी खातं उघडलं. पडद्यावर नावं सरकायला लागली आणि सरकतच राहिली. खोटी कुरिअर, खोटी वीजबिलं, कोकणच्या वाटेवरच्या साऱ्या घाटांतल्या घरांच्या नकला. एका बारीक धाग्याला हिसका द्यावा आणि भिंतीमागून अख्खं जाळं ओलं-ओलं बाहेर यावं, तसं. रोशन खुर्ची ओढून जवळ आला. आणि मग त्या जाळ्यात एक नाव आलं: मुठ्याजवळच्या एका धनगराच्या शेळ्या-बोकडांचं. मग एका तालमीचं. एका मंगल कार्यालयाचं. एका यात्रा कमिटीचं. एका ढाब्याचं. माझ्या ओळखीची गावं, ओळखीची माणसं, चोरांच्या मांडीला मांडी लावून बसलेली. आणि त्यांच्यात हिराबाईंचं नाव. नक्कल नव्हे, खरं, पहिल्यापासूनचं.

"आयला," रोशन म्हणाला, "मावशीच चोर हाय का काय?"

मी खातेदाराचा पत्ता पाहिला. जांबे. आमच्या कँटीनच्या खिडकीतून दिसणारी गल्ली.

अक्षयचं दुकान म्हणजे झेरॉक्स, पॅनकार्ड, भाडेकरार आणि वेबसाइट. पंचविशीतला पोरगा, लोक त्याला अक्षयशेठ म्हणतात. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्याने स्टूल पुसून दिलं.

"ही सगळी नावं तुझ्या नावावर कशी?"

"ताई, गिऱ्हाईक म्हणतं वेबसाइट पायजे. त्याला ईमेल नसतो. असला तर पासवर्ड आठवत न्हाई. मंग मीच माझ्या नावावर घेतो. समदी एकाच खात्यात. सोय आसती."

"आणि ही 'बुकिंग', 'ऑफिशियल'वाली?"

"ती साहेबांची."

"कोण साहेब?"

"फोनवरचे. दर आठवड्याला नवी नावं मागत्यात. लई चांगलं गिऱ्हाईक हाय."

"नाव काय त्यांचं?"

अक्षय विचारात पडला. "मी साहेबच म्हणतो."

"कधी भेटलास?"

"न्हाई."

"तू हिराबाईंची वेबसाइट केलीस. तिचे फोटो कुणी काढले?"

"मीच की. तिथं जेवलोय मी. नाचणीची भाकरी आन्..." तो थांबला. मी फोनवर नकली वेबसाइटचं चित्र त्याच्यापुढे धरलं. त्याने काढलेले फोटो होते. त्याच्या दुकानाच्या पानावर 'आमची कामे' या मथळ्याखाली त्याने आपली सगळी गिऱ्हाइकं मिरवली होती, आणि साहेबांनी तिथूनच एकेक घर निवडलं होतं. अक्षयने साहेबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. मग फोन काउंटरवर पालथा ठेवला.

"ताई, मी न्हाई विचारलं. कुणी विचारतं का?"

पौडचा छापखानेवाला विचारायचा. आप्पांना वीस पावलांवरून ओळखत असूनही प्रत्येक पत्रकाला विचारायचा, खाली कुणाचं नाव टाकू? हे मला तिथं त्याला ऐकवायचं होतं. पण त्याचा चेहरा बघून ऐकवलं नाही.

मी ऑफिसात परतले तोवर हे कंपनीच्या वकिलांपर्यंत पोचलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हे खातं फसवणुकीला वापरलं जातंय हे आता कंपनीला कळलंय, कळल्यावर ते चालू ठेवलं तर कंपनी दोषी. सोमवारी सकाळी अख्खं खातं बंद. सायबर पोलिसांना माहिती देणं वगैरे मॅडमनी आधीच केलं होतं.

"सगळी नावं?" मी विचारलं. "मंगल कार्यालय? हिराबाई? मॅडम, पावसाळा भरात आहे. आत्ता त्यांची पाटी उतरवली तर त्या सही करून मोकळ्या होतील."

"तूच मागितलं होतंस," मॅडम म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. "सोमवारपर्यंत ज्यांचा मालक सापडेल, स्वतःच्या नावाने स्वतःचं खातं काढेल, मी त्यांची नावं तिकडे हलवते. बाकीची जातील."

त्या क्षणी माझ्या मेलमधली सगळी उद्गारचिन्हं मला टोचली. सगळ्यांना बघा, असं मी म्हटलं होतं. एकेकाला बघा, असं म्हणायचं राहिलं होतं.

आम्ही फोन लावायला घेतले. मालकाला फोन, त्याला ओटीपी जाणार, तो त्याने आमच्या पानावर टाकायचा, झालं. पहिला फोन तालमीच्या वस्तादांना. मी सगळं अदबीने सांगितलं. ते म्हणाले, "ओटीपी येनार म्हनताय? ठेव फोन, भामटे!" मंगल कार्यालयाने रोशनला आई-बहिणीवरून ऐकवलं. यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी सांगितलं की ते आमचा नंबर पोलिसांत देणार आहेत. गेली काही वर्षं रेडिओपासून बँकेपर्यंत सगळ्यांनी या माणसांना शिकवलं होतं की अनोळखी आवाजाने ओटीपीचं नाव काढलं की फोन ठेवायचा. ती शिकली होती. किती चांगली शिकली होती! मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

शनिवारी सकाळी मी मुठ्याहून स्कूटर काढली. आप्पा छत्री घेऊन मागे बसले.

"तुमी कशाला?"

"तुला कोन वळखतंय? मी घरोघर पत्रकं वाटलीत."

जगातल्या कुठल्या रजिस्ट्रारने नावांचा तपास स्कूटरवरून केला असेल असं मला वाटत नाही. आम्ही केला. आप्पा दारात उभे राहून हाक मारायचे, "हाय का कुनी? पत्रकवाला आलोय." दार उघडायचं. मी माझं ओळखपत्र दाखवायचे, ते कुणी बघायचं नाही, सगळे आप्पांकडे बघायचे. मुठ्याच्या अलीकडचा धनगर वाड्यापाशी लेंड्या लोटत होता. वेबसाइट म्हटल्यावर हसला. "व्हय, हाय ना. अक्षयनं बोकडाचा फोटू टाकलाय. बोकड इकून वरीस झालं, गडी अजून फोटूत हाय." त्याची बायको आतून म्हणाली, "त्यो फोटू बघूनच शनवारी गाड्या येत्यात. बंद नका करू, बाई." तिच्याच फोनवर खातं काढलं. तालमीत वस्तादांनी मला ओळखलं, "भामटी तूच व्हय?" म्हणाले, आणि खोबरं-खडीसाखर हातावर ठेवली.

ऑफिसात रोशन बसला होता. मी इकडून नाव कळवायचे, तो तिकडे मॅडमकडून हलवून घ्यायचा. पडद्यावर ती नुसती अक्षरं होती. इथं प्रत्येक अक्षरामागे एक उंबरा होता, त्यावर ओल्या चपला होत्या. मी कितीतरी नावं उघडली-मिटली होती, पण एकाही नावाच्या घरात कधी पाणी प्यायले नव्हते.

रविवारी ताम्हिणी. मुळशीचं धरण मागे पडल्यावर पावसाने रस्ता, डोंगर आणि आभाळ एकच करून टाकलं होतं. घाटात धबधबे बघायला आलेल्या गाड्या दिवे लावून रांगेत उभ्या होत्या. हिराबाईंचं घर रस्त्याखाली, कौलारू, पुढे प्लास्टिकचा मांडव. आत चार-पाच माणसांचं एक कुटुंब जेवत होतं आणि वाढणारी बाई त्यांना शिव्या देत होती.

"घ्या अजून भात. घ्या! पैसे भरायच्या आदी फोन करायला काय झालं व्हतं? हाताला काटं आलं व्हतं? पोराला दूध पायजे का?"

शीतलने आम्हाला कोपऱ्यात नेलं. "हे पण त्या नकली साइटवरून आलेत. सकाळी पोचले. भांडभांड भांडले."

"मग?"

"मग काय, सासूबाईंनी वाढलं. दर वेळेला हेच करतात. आलेल्या प्रत्येकाला."

मला आधी कळेचना. मी विचारलं, "पैसे भलत्यानेच घेतले. यांनी तुम्हाला शिव्या दिल्या. मग तुम्ही का वाढता, मावशी?"

हिराबाईंनी पळी पातेल्यात ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. ठेंगणी, काटक बाई, कपाळावर ओला पदर. "माझ्या नावानं आलीत न्हवं? ह्या पावसात, पोरंबाळं घेऊन. माझ्या नावानं आलेलं मानूस माझ्या दारातनं उपाशी जाईल व्हय? चोरानं माझं नाव चोरलं. पावन्याचं जेवान चोरू देऊ काय त्याला?"

जेवणाऱ्या गृहस्थांचा घास हातातच राहिला. ते सकाळी काय बोलले होते कुणास ठाऊक, त्यांनी मान वर केली नाही.

मी आजवर अनेक कायदे वाचलेत, करार वाचलेत, जबाबदारी या शब्दाच्या लांबलचक व्याख्या वाचल्यात. आपण कशाला जबाबदार नाही हे सांगण्यात त्यांची पानंच्या पानं जातात. ताम्हिणीच्या त्या मांडवात, पावसाच्या आवाजात, एक बाई तिने न केलेल्या फसवणुकीची भरपाई भाताने करत होती, आणि वर शिव्या देऊन हिशेब चोख ठेवत होती. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली, हे मी त्यांना निषेधसभेतल्या श्रद्धांजलीखेरीज कधी करताना पाहिलं नव्हतं.

मग हिराबाई माझ्याकडे वळल्या. "आन तू नावं इकनाऱ्यांतली व्हय? कुनाला इकताय ते बघत न्हाई का?"

"आता बघायला लागलोय, मावशी."

"लवकर उजाडलं."

खातं काढायला घेतलं तर घरात रेंज नव्हती. शीतल म्हणाली, वरच्या वळणावर येते कधी कधी. आम्ही सगळे निघालो. शीतल, मी, आप्पा छत्रीत, आणि हिराबाई डोक्यावरून घोंगडी घेऊन. वळणावर, दरीच्या कठड्यापाशी, फोन पिशवीत गुंडाळून उभे राहिलो. मागून गाड्या हॉर्न मारत जात होत्या. एकाने काच खाली करून विचारलं, "पॉइंट आहे का इथं?" आप्पा म्हणाले, "व्हय, रेंजचा."

मी माहिती भरत होते. मालकाच्या नावाची जागा आली. हिराबाई घोंगडीतून डोकावल्या.

"हितं कुनाकुनाची नावं घालायची?"

"एकच. तुमचं."

"दिराचं?"

"नाही."

"सात-बाऱ्यावर तर मी पार खाली हाय. सगळ्यांच्या मागं, बारीक."

"इथं तुम्ही एकट्याच आहात, मावशी."

त्यांनी त्या चौकोनाकडे बराच वेळ बघितलं. पाणी नाकावरून ओघळत होतं, पुसलं नाही.

"म्हंजी ह्या नावानं कुनी काय वंगाळ केलं तर पयलं मला इचारनार?"

"पहिलं तुम्हालाच."

"इचारा," हिराबाई म्हणाल्या.

ओटीपी यायला वेळ लागला. मग एकदम फोन थरथरला. हिराबाईंनी स्वतः एकेक आकडा दाबला. कुठल्या तरी समुद्रापलीकडच्या यंत्रात त्या क्षणी एक ओळ बदलली आणि जगाने मान्य केलं की हे नाव ताम्हिणीच्या हिराबाईचं आहे. त्या वळणावर मात्र काहीच बदललं नाही. धुकं तसंच, दरी तशीच. मला पहिल्या दिवशी बटण दाबताना आला होता तसा काटा आला. नाव मिटवताना येणाऱ्या काट्याहून हा मोठा होता.

सोमवारी खातं बंद झालं. खोटी कुरिअर, खोटी बिलं, घाटाघाटांतल्या नकला एकामागून एक विझल्या. आम्ही हलवलेली नावं तेवढी उजेडात राहिली. एक ढाबा हुकला. त्याचा मालक लग्नाला गेला होता, त्याची पाटी पुढं काही दिवस अंधारात होती, आणि ते मला अजून टोचतं. साहेब सापडले नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी रजिस्ट्रारकडून त्यांनी नवी नावं घेतली असणार, आणि तिथल्या डेस्कवर कुणी शेजारचं नाव बघत असेल की नाही, मला माहीत नाही. अक्षय आता प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्याच नावावर खातं काढून देतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. त्याने दुकानात पाटी लावलीय, 'आधी नाव सांगा.'

म्हणून त्या बैठकांतल्या मोठ्या लोकांना माझं जाहीर सांगणं आहे, आणि खाली माझं नाव आहे: एक नाव खोटं निघालं की त्याच्या शेजारची बघण्याची सक्ती करा. टाळाटाळ पुरे. पण बघणं म्हणजे झाडू मारणं नव्हे. प्रत्येक नावाच्या दारात जाऊन हाक मारा, आत कोण आहे ते बघा, आणि मग हात उचला.

पाऊस ओसरता ओसरता आमच्या डेस्कवर हिराबाईंच्या खऱ्या नावाविरुद्ध तक्रार आली. एका पाहुण्याने लिहिलं होतं की तिथला कोंबडा पहाटे आरवतो आणि मालकीण उलट बोलते. फसवणूक नव्हती, बंद करण्यासारखं काही नव्हतं. नियमाने मी नुसती पोच देऊन मोकळी झाले असते. पण मी शब्द दिला होता. फोन लावला. हिराबाईंना कुठं रेंज मिळाली कोण जाणे, फोन लागला.

"मावशी, ऑफिसातून क्रांती बोलतेय. तुमच्या नावाची तक्रार आलीय. म्हणून तुम्हाला विचारतेय."



"माझ्या नावाची?"

"व्हय. कोंबड्याबद्दल आहे."

"थांब जरा." फोन छातीशी धरल्यासारखा आवाज दबला, पण त्या मोठ्याने बोलत होत्या, त्यामुळे शब्दन्‌शब्द ऐकू आला. "दादासाहेब, तो कागद ठेवा पिशवीत परत. सही न्हाई करायची मी. न्हाई म्हनलं ना. माझ्या नावाच्या तक्रारी यायला लागल्यात, हापिसातनं फोन आलाय. आता मी कुटं जाऊ हे सोडून?"

मग आवाज पुन्हा जवळ आला.

"हं, सांग पोरी. काय म्हनतोय कोंबडा?"